अंड्याच्या टरफलांपासून हाडांसाठी स्कॅफोल्ड: प्रयोगशाळेत पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

भारतात २०२३-२४ या वर्षात १४,००० कोटींहून जास्त अंडी तयार झाली. एका अंड्याचं टरफल साधारण ५ ते ६ ग्रॅम भरतं. हिशोब केला तर सात-आठ लाख टन टरफलं होतात, आणि त्यातली बहुतेक कचऱ्याच्या गाडीतच जातात. या टरफलाचा जवळपास ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो. आपल्या हाडाच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश वाटा असलेलं खनिज हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या कुळातलं, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचं. टरफलात कॅल्शियम आहे, फॉस्फेट आपण द्यायचं, असा हा साधा व्यवहार आहे.

अपघातात हाडाचा तुकडा निघून गेला किंवा गाठ काढताना पोकळी राहिली, तर शल्यचिकित्सक बहुतेक वेळा रुग्णाच्याच कंबरेच्या हाडातून तुकडा घेऊन तिथे भरतात. त्यासाठी शरीरावर दुसरी जखम होते, आणि मिळणारं हाडही मर्यादित असतं. म्हणून गेली काही दशकं संशोधक सच्छिद्र आधार बनवायच्या मागे आहेत. पेशी त्यावर चिकटाव्यात, वाढाव्यात, नवं हाड तयार होत जावं आणि आधार हळूहळू विरून जावा. इमारत उभी राहीपर्यंत लागणाऱ्या परांचीचं काम इथे स्कॅफोल्ड करतो.

हा लेख एमएस्सी, बीटेक किंवा बीफार्मच्या प्रकल्पासाठी हा विषय घेतलेल्या, पण भट्टीसमोर अजून उभं न राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगतो. टरफल फुकट मिळतं म्हणून त्याच्याशी ढिलाईने वागू नका. बाजारातून आणलेल्या शुद्ध रसायनाच्या बाटलीवर त्याची शुद्धता छापलेली असते. टरफलाच्या पिशवीवर काहीच छापलेलं नसतं, ती माहिती तुम्हालाच तयार करावी लागते. या विषयातले बरेच प्रकल्प शेवटच्या, पेशींच्या टप्प्यावर अडतात, पण कारण शोधत मागे गेलं की ते पहिल्या किंवा तिसऱ्या पायरीत सापडतं. म्हणून प्रत्येक पायरीची तपासणी झाल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही.

सुरू करण्याआधी

टरफलं धुणं आणि उकळणं सोडलं तर यातलं काहीही घरच्या स्वयंपाकघरात करू नका. भट्टीतून निघणारा कळीचा चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. अ‍ॅप्रन, हातमोजे आणि बाजूने बंद असलेला चष्मा रोज लागेल. अमोनिया आणि फॉस्फोरिक आम्ल फ्यूम हूडमध्येच उघडायचं. डोळे धुण्याचा नळ कुठे आहे ते पहिल्या दिवशीच बघून ठेवा.

मफल फर्नेस (विजेवर चालणारी बंद भट्टी), मॅग्नेटिक स्टरर, पीएच मीटर, ओव्हन आणि फ्रीझ ड्रायर (गोठवून वाळवणारं यंत्र) एवढी साधनं बऱ्याच फार्मसी आणि विज्ञान महाविद्यालयांत असतात. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणारी तपासणी), एफटीआयआर (अवरक्त किरणांनी रासायनिक बंध ओळखणारी तपासणी) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात नमुना देऊन करून घेता येतात. तिथे रांग असते, म्हणून नमुने तयार व्हायच्या आधीच नोंदणी करा.

प्रत्येक बॅचला क्रमांक द्या आणि वहीत टरफलं कुठून आली, किती वजनाची होती, कुठल्या तापमानाला किती वेळ ठेवली हे सगळं लिहा. पुढे दोन स्कॅफोल्डचे निकाल वेगळे आले, तर या वहीशिवाय कारण सापडणार नाही.

पायरी १: टरफलं मिळवणं

बेकरी, वसतिगृहाची मेस, अंडाभुर्जीची गाडी यांपैकी एकच ठिकाण निवडा आणि पूर्ण प्रकल्पभर तेच ठेवा. माझी पसंती बेकरीला आहे. तिथे कच्ची अंडी एकाच जागी फोडली जातात, टरफलांना तेल-मसाला लागत नाही, आणि अंडी बहुतेक एकाच पुरवठादाराकडून येतात. भुर्जीच्या गाडीवरची टरफलं घेतलीत तर ती तव्याजवळच्या डब्यातली नसावीत, कारण तेलाचा थर काढणं त्रासाचं आहे.

गावरान की पोल्ट्रीची, पांढरी की तपकिरी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रंगद्रव्य सेंद्रिय असतं, भट्टीत जळून जातं, त्यामुळे रंगाची चिंता नको. कोंबडी काय खाते आणि कुठल्या मातीत चोच मारते याची चिंता मात्र करा. परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांत मातीतलं शिसं उतरल्याची उदाहरणं अनेक देशांत नोंदली गेली आहेत. वेगवेगळ्या घरांतली टरफलं एकत्र केली तर दोष कुठला ते कधीच कळणार नाही.

जमवलेली टरफलं त्याच दिवशी धुवा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेल्या ओल्या टरफलांना वास सुटतो, आणि साल्मोनेलाचा धोका असतोच.

पायरी २: सफाई आणि पापुद्रा काढणं

नळाखाली धुतल्यावर टरफलं डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळा. जंतू मरतात आणि आतला पांढरा पापुद्रा सैल होतो. टरफल कोमट असतानाच बोटांनी पापुद्रा ओढला तर मोठे तुकडे सहज निघतात. वाळल्यावर तो पुन्हा घट्ट चिकटतो. उरलेल्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटच्या ५ टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणात काही तास भिजवता येतं. त्यानंतर मात्र डिस्टिल्ड पाण्याने अनेकदा धुवा. क्लोराइड राहिलं तर ते पुढे अ‍ॅपेटाइटच्या स्फटिकात हायड्रॉक्सिलची जागा घेऊ शकतं. व्हिनेगर वापरायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. त्याने पापुद्रा सुटतो हे खरं, पण टरफलही विरघळतं.

पापुद्रा भट्टीत जळणारच, मग एवढी मेहनत कशाला? कारण त्यातल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं. जळताना केस जळल्याचा वास येतो तो त्याचाच, आणि त्या गंधकाचा काही भाग चुन्याशी संयोग पावून सल्फेटच्या रूपात मागे राहतो. काढलेला पापुद्रा फेकू नका, वाळवून वेगळा ठेवा. त्यात कोलॅजन असतं आणि जखमेवरच्या आच्छादनासाठी त्यावर स्वतंत्र संशोधन होतं.

स्वच्छ टरफलं १०० °से.ला ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा, खलबत्त्यात कुटून भरड करा आणि वजन लिहा.

पायरी ३: भाजणं

इथे कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड मागे राहतं. भाजणी दोन टप्प्यांत करा. आधी मिनिटाला ५ अंशांच्या गतीने ४५० °से.पर्यंत जा आणि दोन तास थांबा. या टप्प्यात सेंद्रिय भाग जळतो, टरफलं काळी पडतात. मग सावकाश ९०० °से.पर्यंत नेऊन पुन्हा दोन तास थांबा, म्हणजे ती पांढरीशुभ्र होतात. घाई करून एकदम ९०० गाठलं तर काजळी दाण्याच्या आत अडकते आणि चुना राखाडी राहतो.

अ‍ॅल्युमिनाची क्रुसिबल वापरा आणि टरफलांचा थर पातळ ठेवा. खोल क्रुसिबल गच्च भरली तर तळातला वायू बाहेर पडू शकत नाही आणि तिथलं टरफल कच्चंच राहतं.

आता पहिली खरी तपासणी. त्यासाठी साधा तराजू पुरतो. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १०० ग्रॅम भाजलं तर ५६ ग्रॅम चुना उरतो. टरफलात थोडा सेंद्रिय भाग असल्यामुळे तुमचा आकडा ५३ ते ५५ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. ६० च्या वर असेल तर भाजणी अपुरी आहे, पुन्हा भट्टीत घाला. ५० च्या खाली आला तर टरफलं पुरती वाळली नव्हती किंवा काही सांडलं आहे.

भट्टी २०० अंशांच्या खाली आली की क्रुसिबल थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, जायला हवी. कळीचा चुना हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही शोषतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात उघड्या बशीत रात्रभर ठेवलेला चुना सकाळी चुना उरलेला नसतो. तो विरलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) आणि कार्बोनेट यांचं मिश्रण झालेला असतो, दिसायला मात्र तसाच पांढरा. शक्यतो भाजला त्याच दिवशी वापरा. नाहीतर वजन करण्याआधी ९०० अंशांना पुन्हा तासभर भाजून घ्या.

पायरी ४: चुना किती खरा आहे ते मोजणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. पुढच्या पायरीत कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण मोलच्या हिशेबात १.६७ ठेवायचं असतं. वजन केलेली भुकटी शंभर टक्के चुना आहे असं गृहीत धरलं आणि प्रत्यक्षात ती ९२ टक्के निघाली, तर तुमचं प्रमाण आधीच १.५४ वर घसरलेलं असतं.

मोजणी सोपी आहे. चुना कुटून २०० मेशच्या, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. ०.५ ग्रॅम भुकटी साखरेच्या पाण्यात ढवळा. साध्या पाण्यात चुना फार कमी विरघळतो, साखरेच्या पाण्यात बराच जास्त. दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन टाका आणि गुलाबी रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. चुना पूर्ण शुद्ध असता तर ३५.७ मिलि लागलं असतं. तुम्हाला ३४.२ मिलि लागलं तर शुद्धता सुमारे ९६ टक्के. तीनदा मोजून सरासरी घ्या.

पायरी ५: हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट बनवणं

आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी २००७ मध्ये टरफलांपासून मायक्रोवेव्हच्या मदतीने नॅनोस्फटिकी हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट बनवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हंगेरीतल्या गटाने टरफलाचा चुना आणि फॉस्फोरिक आम्ल गिरणीत दळून ते केलं. नवख्याने मात्र साध्या अवक्षेपणाने, म्हणजे द्रावणातून घन साका पाडण्याच्या पद्धतीने, सुरुवात करावी, कारण त्यात काय घडतंय ते डोळ्यांना आणि पीएच मीटरला दिसतं. शिवाय उपउत्पादन म्हणून फक्त पाणी तयार होतं, धुऊन काढायला नको असलेलं मीठ राहत नाही.

१० ग्रॅम हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटसाठी ५.५८ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम ऑक्साइड लागतं. तुमची शुद्धता ९६ टक्के असेल तर ५.८१ ग्रॅम भुकटी घ्या. एवढा चुना दोन अंड्यांच्या टरफलांतून निघतो. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ४.१ मिलि लागेल. हे आम्ल दाट असतं आणि पिपेटच्या काचेला चिकटून राहतं, म्हणून मापून घेण्यापेक्षा ६.९ ग्रॅम तोलून घ्या आणि डिस्टिल्ड पाण्यात घालून २०० मिलि करा.

डिस्टिल्ड पाणी आधी उकळून झाकून गार करा, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जाईल. त्यातलं २०० मिलि बीकरमध्ये घ्या आणि ढवळत ढवळत थोडा थोडा चुना टाका. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. विरताना इतकी उष्णता निघते की पाणी उसळून अंगावर येऊ शकतं. तासभर ढवळू द्या.

आता ब्युरेटमधून आम्ल मिनिटाला एक ते दोन मिलिच्या गतीने सोडा, ढवळणं जोरात चालू ठेवा. ही गती महत्त्वाची आहे. विरलेला चुना पाण्यात लिटरमागे दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, बाकीचा बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो. आम्ल भराभर ओतलं तर प्रत्येक कणावर अ‍ॅपेटाइटचं कवच बसतं आणि आतला चुना तसाच कोंडला जातो. पुढे स्कॅफोल्ड फुटतो तो या कोंडलेल्या चुन्यामुळे.

सुरुवातीला पीएच १२ च्या वर असेल. आम्ल पडत जाईल तसा तो सावकाश उतरेल, आणि शेवटच्या काही मिलिंमध्ये पटकन घसरेल. १० च्या खाली जाऊ देऊ नका, गरज पडली तर अमोनियाचं द्रावण घाला. आम्ल संपल्यावर आणखी दोन तास ढवळा आणि झाकून २४ तास मुरू द्या. मग गाळून, डिस्टिल्ड पाण्याने पाणी जवळपास उदासीन येईपर्यंत धुवा आणि ८० °से.ला वाळवा. हाताला खडूसारखी लागणारी पांढरी ढेकळं मिळतील, ती कुटून चाळा.

पायरी ६: भुकटीची परीक्षा

वाळलेल्या भुकटीचा एक्सआरडी करून "हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट मिळालं" असं लिहून मोकळं होऊ नका. ताज्या अवक्षेपाचे स्फटिक इतके लहान असतात की शिखरं पसरट येतात आणि प्रमाण चुकलेलं असलं तरी चित्र तसंच दिसतं. खरं रूप ९०० ते १००० °से.ला दोन तास तापवल्यावर उघडं पडतं. कॅल्शियम कमी पडलं असेल तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट दिसू लागतं, जास्त झालं असेल तर चुना सुटा होतो.

तांब्याच्या क्ष-किरण नळीच्या नेहमीच्या एक्सआरडी उपकरणावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची मुख्य शिखरं ३१.८, ३२.२ आणि ३२.९ अंशांवर येतात, आणि २५.९ वर आणखी एक. ३१.० अंशांवर शिखर असेल तर ते बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. ३७.४ वर असेल तर कॅल्शियम ऑक्साइड, २९.४ वर असेल तर न भाजलेलं कार्बोनेट. थोडंसं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आढळलं तर घाबरू नका. टरफलातलं मॅग्नेशियम त्याला स्थिर करतं, आणि शरीरात ते हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटपेक्षा लवकर विरघळत असल्याने काही ठिकाणी ते मुद्दाम मिसळलं जातं. सुटा चुना मात्र अजिबात चालणार नाही. तो ओलावा शोषून फुगतो आणि स्कॅफोल्डला तडे पाडतो, शिवाय भोवतालच्या द्रवाचा पीएच वाढवून पेशी मारतो. उपकरणाची वाट न बघता त्याची चाचणी इथेच करता येते. तापवून गार केलेल्या भुकटीवर पाणी आणि फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाका. गुलाबी झाली तर ती बॅच बाजूला ठेवा.

एफटीआयआरमध्ये (आकडे प्रति सेंटीमीटरमध्ये) फॉस्फेटचे पट्टे १०३० ते १०९० आणि ५६० ते ६०० च्या दरम्यान, हायड्रॉक्सिलचा ३५७० आणि ६३० वर दिसायला हवा. १४१० ते १४५० आणि ८७५ च्या आसपास कार्बोनेटचे छोटे पट्टे आले तर ते सहसा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. आपल्या हाडातल्या अ‍ॅपेटाइटमध्येही कार्बोनेट असतंच.

जड धातूंची तपासणी एका तरी बॅचवर करून घ्या. रोपणासाठीच्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचं एएसटीएम एफ ११८५ हे मानक आर्सेनिक ३, कॅडमियम ५, पारा ५ आणि शिसं ३० पीपीएमपर्यंत मान्य करतं. टरफल कचऱ्यातून आलेलं असल्यामुळे परीक्षक हा प्रश्न विचारणारच, आणि तो विचारायलाच हवा.

पायरी ७: सच्छिद्र आकार देणं

पेशी आत शिरायला आणि रक्तवाहिन्या वाढायला छिद्रं हवीत, तीही एकमेकांना जोडलेली. किमान १०० मायक्रॉन आणि जमल्यास ३०० च्या वर, असा संकेत या क्षेत्रात रूढ आहे.

पहिल्या प्रयत्नासाठी मी कायटोसान-जिलेटिनचा मार्ग सुचवेन. कायटोसान कोळंबीच्या टरफलांपासून बनतं, म्हणजे आणखी एक टाकाऊ माल कामी येतो. १ ग्रॅम कायटोसान ५० मिलि पाण्यात, १ टक्का अ‍ॅसिटिक आम्लासह, रात्रभर ढवळून विरघळवा. १ ग्रॅम जिलेटिन ५० मिलि कोमट पाण्यात ४५ °से.च्या आसपास विरघळवा आणि त्यात २ ग्रॅम अ‍ॅपेटाइट टाकून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये गुठळ्या मोडा.

एकत्र करताना एक अडचण येते. अ‍ॅपेटाइट आम्लात विरघळतं, आणि कायटोसानला विरघळलेलं राहायला आम्लच हवं असतं. यावर उपाय म्हणजे आधी कायटोसानच्या द्रावणाचा पीएच सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने थेंब थेंब वाढवत ५.५ पर्यंत आणायचा. ६ च्या पुढे गेलात तर कायटोसानच्या गुठळ्या होतात. मगच जिलेटिनचं मिश्रण घालायचं आणि फार वेळ न दवडता साच्यात ओतायचं. बुडबुडे राहिले तर व्हॅक्यूमखाली काही मिनिटं ठेवा.

२४ खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात दीड मिलि ओता आणि उणे २० °से.ला रात्रभर गोठवा. छिद्रांचा आकार इथेच ठरतो, कारण बर्फाचे स्फटिक जिथे होते तिथेच पुढे छिद्रं राहतात. सावकाश गोठलं की स्फटिक मोठे होतात आणि छिद्रंही मोठी. उणे ८० च्या फ्रीजरमध्ये थेट ठेवलं तर छिद्रं बारीक होतात. त्यामुळे सगळे नमुने एकाच तापमानाला, एकाच फळीवर गोठवा. नंतर फ्रीझ ड्रायरमध्ये ४८ तास.

बाहेर निघालेला पांढरा, हलका ठोकळा तसाच पाण्यात टाकला तर विरघळून जाईल, कारण त्यात अजून अ‍ॅसिटिक आम्ल आहे. आधी अल्कोहोलमधल्या ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर बुडवून उदासीन करा, मग धुवा. त्यानंतर कायटोसान आणि जिलेटिनच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधायच्या. ग्लुटरअल्डिहाइड स्वस्त आहे, पण थोडंसं उरलं तरी पेशींना विषारी ठरतं. जेनिपिन महाग, पण कितीतरी सौम्य. ते नीट लागल्याची खूण म्हणजे स्कॅफोल्ड निळा होतो. थोडेच नमुने करायचे असतील तर जेनिपिनच घ्या. शेवटी पुन्हा धुऊन गोठवून वाळवा.

पूर्ण सिरॅमिक स्कॅफोल्ड हवा असेल तर पॉलियुरेथेन स्पंज अ‍ॅपेटाइटच्या दाट काल्यात बुडवून, पिळून, वाळवून भट्टीत घालायचा. स्पंज जळतो, त्याची नक्कल अ‍ॅपेटाइटमध्ये राहते. ६०० अंशांपर्यंत मिनिटाला एक अंशाहून जास्त गती नको आणि शेवटी १२०० °से.ला दोन तास. १३०० च्या पुढे अ‍ॅपेटाइट मोडायला लागतं. स्पंज जळताना विषारी वायू निघतात, त्यामुळे भट्टीचा धूर बाहेर जायची सोय नसेल तर हा मार्ग धरूच नका.

तिसरा मार्ग भट्टी टाळणारा आहे. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स लोवेलमध्ये गुल्देन जामजी-उनाल यांच्या गटाने २०१९ मध्ये टरफलाची बारीक भुकटी, अ‍ॅपेटाइट न बनवता, जिलेटिनपासून केलेल्या हायड्रोजेलमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये) मिसळून त्यावर हाडाच्या पेशी वाढवल्या. तुमच्याकडे मफल फर्नेस नसेल तर या दिशेने विचार करा. मात्र तिथे पापुद्रा आणि जंतू जाळून टाकायची सोय नाही, म्हणून दुसरी पायरी दुप्पट काळजीने करावी लागेल.

पायरी ८: स्कॅफोल्डची तपासणी

सच्छिद्रता अल्कोहोलमध्ये बुडवून, विस्थापनाने मोजता येते. पाणी वापरू नका, जिलेटिन फुगतं. छिद्रांचा आकार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रांवरून, वरची पृष्ठं न घेता मधला काप घेऊन मोजा. ओतलेल्या स्कॅफोल्डच्या पृष्ठावर बऱ्याचदा पातळ साय असते आणि तिच्यामुळे छिद्रं बंद वाटतात.

दाबाची ताकद ओल्या अवस्थेत मोजा, कारण शरीरात तो ओलाच असणार. माणसाच्या जाळीदार हाडाची ताकद साधारण २ ते १२ मेगापास्कल असते. तुमचा कायटोसानचा ओला स्कॅफोल्ड याच्या जवळपासही येणार नाही, आणि तसं स्पष्ट लिहा. हा भार पेलणारा भाग नाही, पोकळी भरणारा आहे.

कृत्रिम शरीरद्रवाची चाचणी म्हणजे स्कॅफोल्ड त्या द्रवात बुडवून ठेवणं, ती ३६.५ °से. आणि ७.४ पीएचला करतात. काही दिवसांनी पृष्ठावर अ‍ॅपेटाइटचा नवा थर बसतो. तो बसला म्हणजे शरीरात हाड तयार होईलच असं नव्हे. एवढ्यावरून निष्कर्षात मोठा दावा करू नका.

पायरी ९: पेशी

पेशी-संवर्धनाचा अनुभव नसेल तर हा टप्पा जाणकारांबरोबर करा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची एक मोठी सोय म्हणजे पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. त्याच्या पेशी-भांडारातून संशोधन संस्थांना पेशी मिळतात. सुरुवातीला एमजी-६३ ही मानवी हाडाच्या गाठीतली पेशी-मालिका बरी.

जिलेटिनचा स्कॅफोल्ड ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, त्याचा लगदा होईल. प्राथमिक चाचण्यांसाठी ७० टक्के अल्कोहोल आणि अतिनील प्रकाश पुरतो, पण पेशी टाकण्याआधी अल्कोहोल पूर्ण धुऊन काढा. मग स्कॅफोल्ड माध्यमात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) ३७ °से.ला २४ तास ठेवून त्या द्रवाचा पीएच बघा. माध्यम गुलाबी-जांभळं झालं तर एक तर सुटा चुना आहे किंवा सोडियम हायड्रॉक्साइड उरलंय. दोन्ही बाबतीत पेशी वाया घालवण्याआधी मागे जा.

आयएसओ १०९९३ च्या पाचव्या भागानुसार जिवंत पेशींचं प्रमाण नियंत्रण गटाच्या ७० टक्क्यांच्या खाली गेलं तर नमुना पेशीघातक मानतात. त्यानंतर सातव्या आणि चौदाव्या दिवशी अल्कलाइन फॉस्फटेज (हाड बनवणाऱ्या पेशींची खूण असलेलं विकर) मोजा, आणि एकविसाव्या दिवशी अ‍ॅलिझरीन रेडने खनिज रंगवा. इथे एक सापळा आहे. अ‍ॅलिझरीन कॅल्शियमला रंगवतं, आणि तुमच्या स्कॅफोल्डमध्ये ते पहिल्यापासून ठासून भरलेलं आहे. पेशी न टाकलेला स्कॅफोल्ड तेवढेच दिवस त्याच माध्यमात ठेवून त्याचा रंग वजा केला नाही, तर सुंदर लाल चित्र मिळेल आणि त्याचा अर्थ काहीच नसेल.

प्राण्यांवरच्या चाचणीसाठी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, आणि पदवी-पदव्युत्तर प्रकल्पात त्या वाटेला न गेलेलंच बरं. माणसात वापरायचं साधन म्हटलं की २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परवाना, प्रमाणित उत्पादनस्थळ आणि क्लिनिकल चाचण्या लागतात. तुम्ही बनवलेली भुकटी कितीही पांढरीशुभ्र असली तरी ती कुणाच्या दातात, जखमेत किंवा पोटात जाता कामा नये. बरणीवर बॅच क्रमांकाच्या खाली "फक्त प्रयोगशाळेतील वापरासाठी" असं ठळक लिहा, आणि उरलेला चुना सिंकमध्ये न ओतता आधी पाण्यात विरवून, सौम्य आम्लाने उदासीन करून मगच टाका.